निवासी संस्थेतल्या मुलांची सुरक्षा : धोरण कागदावर आहे, रोज नेमकं काय करायचं?

बालाघाट

बीड जिल्ह्यातला एक छोटा न्यास. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची ३४ मुलं, वय ६ ते १५. टोळ्या निघाल्या की येतात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की जातात. त्यातली ८ मुलं मात्र बाराही महिने इथेच, कारण घरी न्यायला कुणी नाही. मुलगे आणि मुली वेगळ्या इमारतींत, कर्मचारी सात. बाल संरक्षण धोरण आहे, पण ते कुठल्याशा मोठ्या संस्थेचं उचललेलं आहे. बारा पानं वाचूनही रात्रपाळीच्या बाईंना काय करायचं ते कळत नाही. ते नव्याने लिहायचंय. नोंदणी, तक्रारपेटी, बाहेरच्यांची ये-जा, आणि खरंच काही घडलं तर पहिल्या दिवशी काय, यावर जाणकारांनी लिहावं. आठवणी नकोत, कृती हवी.

कलम_दवात

नोंदणीपासून धरू, गल्लत तिथेच होते. न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदला म्हणजे मुलं ठेवायची परवानगी मिळाली, असं बरेच विश्वस्त मनापासून समजतात. न्यासाच्या नोंदणीचा कायदा न्यासाचा कारभार, मालमत्ता आणि हिशेब बघतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं जिथे ठेवली जातात, ती जागा बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदवावीच लागते. अनुदान घ्या वा घेऊ नका, सगळीच मुलं त्यातली असोत वा थोडीशीच. तुमच्या ८ मुलांमुळे तुम्ही त्यात येता. नोंदणी ५ वर्षांची. केली नाही तर कलम ४२ : १ वर्षापर्यंत कैद, किंवा किमान १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय अर्जाला उशीर झालेले दर ३० दिवस हा वेगळा गुन्हा.

उरलेल्या २६ मुलांना आईवडील आहेत आणि ती शिक्षणासाठी राहतात, म्हणून ते वसतिगृह ठरू शकतं. पण हे आपल्या मनाने ठरवू नका. जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि पोच घ्या. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, मात्र आश्रमशाळा, वसतिगृह, बालगृह असा भेद करत नाही.

त्या ८ जणांपैकी प्रत्येकाबाबत बालकल्याण समितीचा (अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीचा) आदेश फाइलला आहे का? 'आजीने स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंय' हे उत्तर चालत नाही. त्या कागदाने मूल संस्थेच्या ताब्यात येत नाही. निराधार मूल दारात आलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढे हजर करायचं. सुट्टी असली तर समितीच्या सदस्याकडे न्यायचं. सोमवारची वाट बघायची नाही.

माळरान

वारकरी शिक्षण देणाऱ्या खाजगी निवासी संस्था यात येतात का? तिथे दहा-बारा वर्षांची मुलं असतात.

कलम_दवात

पाटीवर गुरुकुल आहे की आश्रम, याने फरक पडत नाही. आत कोणती मुलं राहतात ते बघायचं. निराधार किंवा समितीपुढे न्यायला हवं असं एकही मूल असेल तर कलम ४१ लागू. पालकांनी स्वतः ठेवलेलं असेल तरी पॉक्सो आहेच, आणि मारहाणीला बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ आहे. संस्थेचा चालक किंवा नोकर असेल तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड.

शेवंता

कायदा वकीलसाहेब सांगतीलच, मी इमारतीवर लिहिते.

बालाघाट, धोरण लिहिण्याआधी एक काम करा. अंधार पडल्यावर, दिवे गेलेले असताना, सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून आवार फिरा. संडास आवाराच्या टोकाला असेल, वाटेवर एकच बल्ब असेल आणि तोही उडालेला, तर धोरणातलं पहिलं वाक्य बल्बबद्दल लिहा. दारांना आतून कडी हवी आणि ती लहान मुलाच्या हाताला लागेल अशी. वरची कडी मोठ्या मुलांनाच लागते, मग लहानं दार उघडं ठेवून बसतात. एका संडासामागे सात मुलं हे जुनं प्रमाण अजून धरायला हरकत नाही. त्याहून जास्त झाली की सकाळी रांग लागते, ढकलाढकली होते आणि एकेकटी मुलं पहाटे अंधारात उठून जातात. झोपायला मुलामागे ४० चौरस फूट, म्हणजे २५ मुलांना १००० चौरस फूट. एक अंथरूण, एक मूल. थंडीत गोधड्या कमी पडल्या की दोघं-दोघं झोपतात, म्हणून गोधड्या मोजणं हेसुद्धा बाल संरक्षणच.

मोठ्या मुलाला 'मॉनिटर' करून लहानांची अंघोळ, दिवे बंद करणं, रात्री उठवून संडासला नेणं त्याच्यावर सोपवायचं नाही. माणसं कमी आहेत म्हणून हे सर्रास चालतं. तसंच १८ पूर्ण झालेला माजी विद्यार्थी 'दादा' म्हणून त्याच खोलीत झोपतो, हेही बंद. त्याच्यासाठी १८ ते २१ ची अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय कायद्यात वेगळी आहे.

रात्रपाळीचं माणूस जागं असायला हवं, झोपलेलं नव्हे. नोंदवही ११, २ आणि ५ वाजता. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणात, एकही खाडाखोड नसलेल्या दिसल्या तर त्या सकाळी चहाबरोबर लिहिल्यात असं खुशाल समजा. खऱ्या नोंदीत 'अमुक मूल खोकत होतं, पाणी दिलं' असलं काहीतरी येतंच. रात्री आजारी मुलाजवळ एकट्याने जायची वेळ आली तर दार उघडं, दिवा लावलेला, आणि दुसऱ्या इमारतीतल्या व्यक्तीला फोन. वेळ लिहायची. मुलींच्या इमारतीत अधीक्षक आणि कर्मचारी महिलाच हव्यात.

आणि ते ग्रिल. बाहेरचे येऊ नयेत म्हणून रात्री कुलूप, किल्ली अधीक्षकांच्या उशाशी, ते गावाला गेलेले. आग लागली तर? दुसरी किल्ली आतल्या बाजूला, रात्रपाळीच्या माणसाकडे.

वैनगंगा

तक्रारपेटीबद्दल. बहुतेक संस्थांत पेटी असते आणि ती ऑफिसच्या दाराशेजारी टांगलेली असते. तिथे चिठ्ठी टाकणारं मूल अख्ख्या स्टाफला दिसतं. किल्ली अधीक्षकांकडे. तपासणी असली की आदल्या दिवशी पेटीत तीन चिठ्ठ्या पडतात, 'जेवण छान असते' अशा, एकाच अक्षरात.

बाल न्याय अधिनियमाखालच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत पेटी ऑफिसपासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ सांगितली आहे. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे. दर आठवड्याला बाल समितीच्या, म्हणजे मुलांच्याच समितीच्या, सदस्यांसमोर उघडायची, तातडीचं असेल तर २४ तासांत बैठक. बाल समित्या ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ अशा वेगळ्या. तुमच्याकडे शेवटचा गट नाही, दोनच करा.

आता व्यवहार. पेटीखाली कोरे कागद आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल ठेवा, वहीचं पान फाडायला मुलं भितात. ठरलेल्या वारी प्रत्येक मुलाने एक चिठ्ठी टाकायचीच, कोरी असली तरी चालेल. मग कोणी लिहिलं ते कुणाला कळत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढावं. चिठ्ठ्या क्रमांक घालून नोंदवहीत चिकटवा, शेजारी काय केलं ते लिहा, आणि मुलांना ते वाचून दाखवा. 'डाळ पातळ असते' या चिठ्ठीवर महिन्याभरात काही झालं नाही, तर त्याहून अवघड गोष्ट कुणी लिहिणार नाही. मात्र एखाद्या माणसाबद्दल काही निघालं तर ते बाल समितीत मोठ्याने वाचायचं नाही. ती चिठ्ठी तशीच बाजूला, आणि कलम_दवात पुढे जे सांगतील ते.

१०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला रंगवा. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टिसच्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या) प्रकल्पातून सुरू झाली. २०२३ पासून ती राज्याच्या महिला व बाल विकास विभागाकडे आहे आणि ११२ ला जोडली आहे. नंबर तोच. पण नंबर रंगवून फोन ऑफिसात कुलपात असेल तर काय उपयोग?

टेक्नोबुवा

सगळीकडे सीसीटीव्ही लावून टाका की. खोल्यांतही. वाद संपला.

शेवंता

खोल्यांत, अंघोळीच्या जागी, कपडे बदलतात तिथे कॅमेरा कदापि नको. ते चित्रीकरण बघणारं आणखी एक माणूस तुम्ही निर्माण करता. फाटक, व्हरांडा, जिना, कोठीचं दार, गाडी थांबते ती जागा, एवढं पुरे.

टेक्नोबुवा

मान्य. मग तांत्रिक भाग लिहितो. डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारं यंत्र) कुलूपबंद कपाटात, पासवर्ड कंपनीचा मूळचा नको, आणि चित्रीकरण काढलं तर कुणी, कधी, कशासाठी ते वहीत. किती दिवसांनी जुनं पुसलं जातं ते आत्ताच तपासा. कॅमेरे जास्त आणि डिस्क लहान असेल तर आठवड्यातच पुसलं जातं. दुसरं म्हणजे घड्याळ. वीज जाऊन आतला सेल संपला की तारीख वेळ मागे जाते, आणि मग कोर्टात वेळच जुळत नाही. दर पंधरवड्याला मोबाइलच्या वेळेशी ताडून सही करा. प्रसंग घडला तर रेकॉर्डिंग थांबवून यंत्र तसंच पोलिसांच्या पंचनाम्यासाठी ठेवा. क्लिप विश्वस्तांच्या ग्रुपवर अजिबात टाकू नका.

माळरान

वाढदिवसवाल्यांचं काय करावं? केक आणतात, मुलांना ओळीत बसवतात, फोटो, मग स्टेटस. नाही म्हटलं तर देणगी जाते.

वैनगंगा

बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ दाखवा. कायद्याखालच्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पावती पुस्तकासोबत एक छापील कागद द्या : मोबाइल फाटकावर, फोटो फक्त मुलांच्या हस्तकलेचे, खाऊ कोठीत जमा, वेळ ४ ते ६, भेट सभागृहातच. मुलाला मांडीवर घेणं, वेगळं बाहेर नेणं, फोन नंबर किंवा पैसे हातात देणं नाही. हे ऐकून जो चिडतो तो गेला तर जाऊ द्या. नियमित शिकवायला येणाऱ्या स्वयंसेवकाला नेमणुकीचेच नियम लावा, आणि मुलांसोबत एकटं नाही. कार्यक्रमाला जेवढी माणसं आली तेवढी वहीत हवीत. 'अमुक मंडळ, २० जण' ही नोंद नव्हे.

कलम_दवात

नेमणुकीवर लिहितो. २०२० च्या पॉक्सो नियमांप्रमाणे मुलांच्या निवासी संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करायची असते. एकदा नेमताना करून फाइल बंद, असं नाही. चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्याच, पण त्याच्यावर विसंबू नका. त्यात नोंद झालेली प्रकरणंच दिसतात, आणि जिथे प्रकरण दाबून माणसाला 'राजीनामा द्या' म्हटलं तिथे नोंद होतच नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची २०१८ पासून आहे, पण ती पोलीस यंत्रणेलाच बघता येते, संस्थेला नाही. म्हणून मागच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करा. नंबर उमेदवाराने दिलेला नको, संस्थेचा शोधून काढा. विचारा : का सोडलं? मुलांसोबत पुन्हा घ्याल का? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा थांबला तर ते लिहून ठेवा. नोकरीतल्या मधल्या गाळलेल्या वर्षांचा हिशेब मागा.

पडताळणीतून नेहमी सुटतात ती माणसं : स्वयंपाकीणबाईंचा आवारात राहणारा नवरा, टँकरवाला, बदली ड्रायव्हर, विश्वस्तांचा पुतण्या. आवारात झोपणारा प्रत्येक प्रौढ यादीत हवा.

बालाघाट

आता मुख्य प्रश्न. मुलाने काही सांगितलं तर?

शेवंता

ऐकणाऱ्याने चार गोष्टी करायच्या नाहीत. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कारण सांगावंच लागतं. 'आधी का नाही बोललीस' विचारायचं नाही. 'त्याने असं केलं का, तसं केलं का' अशी उत्तरं तोंडात घालायची नाहीत. 'मग काय झालं?' एवढंच. आणि चार जणांपुढे पुन्हा वदवून घ्यायचं नाही. मुलाला सांगा : तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही, आता मी या-या माणसाला सांगणार.

मग लगेच लिहायचं, मुलाच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत. चुकीची नोंद : 'मुलीने वाहनचालकाच्या गैरवर्तनाची तक्रार केली.' बरोबर नोंद : 'रात्री ९.४०, भांडी घासण्याच्या जागी. मुलगी आपणहून म्हणाली, "मला त्या मामाच्या गाडीत म्होरं नाय बसायचं." मी विचारलं, मग काय झालं? ती गप्प राहिली. ९.५५ ला पुन्हा म्हणाली...' पहिल्या नोंदीत तुमचा निष्कर्ष आहे. दुसरी तपासात उपयोगी पडते. खाली सही, तारीख, पान क्रमांक.

कलम_दवात

पुढची साखळी. पॉक्सोचं कलम १९ : गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडण्याची धास्ती असली, तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक ठाण्यात कळवायचं. पुरावा गोळा करून मग, असं नाही. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. तुम्हीही त्याच दिवशी लेखी कळवा.

त्या माणसाला आवारातून बाहेर काढा, मुलाला नव्हे. मुलाला दुसऱ्या संस्थेत हलवायचं तर ते समिती ठरवेल. अधीक्षकांवरच आरोप असेल तर कळवणारं नाव धोरणात आधीच लिहिलेलं हवं, आणि ते विश्वस्तांच्या नात्यातलं नको.

ताजी घटना असेल तर अंघोळ नको, कपडे धुवायचे नाहीत. बदलले असतील तर कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये दमट कपड्यांना बुरशी येते आणि नमुना वाया जातो. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात, म्हणून 'उद्या बघू' नको. रुग्णालय एफआयआरसाठी अडवू शकत नाही. तपासणी आधीही होते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच. जबाब मुलाच्या सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. विश्वासाची व्यक्ती जवळ असू द्या.

स्पष्टवक्ता

वाचायला ठीक. प्रत्यक्षात आधी संस्थेने आतल्या आत चौकशी करावी. खोटी तक्रार निघाली तर माणूस उद्ध्वस्त, संस्था बंद, ३४ मुलं रस्त्यावर. देणगीदार विचारायला येत नाहीत.

कलम_दवात

आतल्या चौकशीत तीन गोष्टी हमखास घडतात. मुलाला पाच वेळा तेच सांगावं लागतं आणि प्रत्येक वेळी जबाब बदलतो. बचावाच्या वकिलाला हेच हवं असतं. त्या माणसाला वेळ मिळतो. आणि बाकीच्या मुलांना समजतं की बोललं की पंचायत बसते. कायद्याने म्हणाल तर न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. खरंखोटं ठरवणं तुमचं काम नाही. शिस्तभंगाची कारवाई करा, पण पोलिसांना कळवल्यानंतर आणि मुलाला परत न बोलावता.

एक कमी माहीत असलेलं : संस्थेतल्या छडीला बाल न्याय अधिनियमाचं कलम ८२ आहे. पहिल्यांदा १० हजार दंड. पण त्या चौकशीला व्यवस्थापनाने सहकार्य केलं नाही तर व्यवस्थापन प्रमुखाला किमान ३ वर्षं कैद. मारण्यापेक्षा झाकणं महाग.

वैनगंगा

स्पष्टवक्ता, 'संस्था चांगली, संस्थापक देवमाणूस' याच भांडवलावर मुंबईत कुलाब्याचं अँकरेज हे मुलांचं निवारागृह चाललं. २००१ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण उघडकीस आलं, २००६ ला सत्र न्यायालयात शिक्षा, २००८ ला उच्च न्यायालयात सुटका, २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षं मुलांनी काढली. गोव्यात मडगावजवळच्या अनाथाश्रमाचं तसंच प्रकरण १९९१ चं, संस्थाचालकाला १९९६ मध्ये जन्मठेप. दोन्हीकडे आरोपी संस्था चालवणारेच होते. तुमच्या धोरणात 'कर्मचारी' लिहिलंय का 'विश्वस्त, संस्थापक, देणगीदारांसह प्रत्येक व्यक्ती'?

बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाच्या सरकारी पाहण्या होतच होत्या. २०१८ ला मुंबईच्या टिसच्या पथकाच्या अहवालातून मुलींवरच्या अत्याचारांचं प्रकरण बाहेर आलं, कारण त्यांनी राहणाऱ्यांशी बोलून अहवाल लिहिला होता. तुमच्याकडे तपासणीला कुणी आलं तर त्यांना रजिस्टरांच्या ढिगासमोर बसवून चहा पाजू नका. मुलांसोबत, स्टाफशिवाय, अर्धा तास द्या.

बालाघाट

दोन शंका उरल्या. आरोप १४ वर्षांच्या मुलावर असेल तर? आणि हंगाम संपताना मुलं कुणाच्या ताब्यात द्यायची? एरवी मुकादम गाडी घेऊन येतो आणि दहा-बारा मुलं एकदम नेतो.

कलम_दवात

१४ वर्षांचा असला तरी कळवायचंच. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, कोठडीत नाही. दोघांची झोपायची, जेवायची, शाळेत जायची व्यवस्था त्याच रात्री वेगळी करा. त्याला मारायचं नाही, सगळ्यांपुढे उभं करायचं नाही, आणि गुपचूप घरी तर अजिबात पाठवायचं नाही. त्याच्यावर आधी काही घडलं असेल का, हे समुपदेशकाला बघू द्या.

शेवंता

मुकादमाच्या ताब्यात एकही मूल नाही. प्रवेशाच्या वेळीच अर्जावर आई, वडील आणि आणखी दोन नातलग, त्यांचे फोटो, अंगठा किंवा सही. नेताना तोच माणूस, फोटो जुळवून, वहीत वेळ. नवं नाव फोनवर वाढवायचं नाही. फडावरून कुणाच्याही फोनवरून कुणीही बोलू शकतं. आईबाप येऊ शकत नसतील तर संस्थेची महिला कर्मचारी मुलांना गावी पोचवेल, भाडं अंदाजपत्रकात धरा. मूल जायला नको म्हणालं तर त्या दिवशी पाठवू नका, बालकल्याण समितीला कळवा. गेल्यावर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी एक फोन, आणि तो मुलाशी बोलण्यासाठी. जूनमध्ये शाळेच्या पटावर जे मूल परत दिसत नाही त्याचं घर आधी गाठायचं.